डॉयलच्या रात्रीचं पहिलं गाणं

११ ऑगस्ट, रविवार

रॉइस ऑरेगनला चालला. कायमचा. चर्चमधून बाहेर पडल्यावर, पार्किंगमध्ये, भर उन्हात त्याने मला सांगितलं. नवी बायको, तिची जमीन आणि तिचे अल्पाका. म्हणाला, "ट्वायला, एकदा त्यांच्या डोळ्यांत बघ, मग बोल."

मी विचारलं, "बायकोच्या की अल्पाकांच्या?"

तो हसला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

रॉइस माझा मावसभाऊ. आमच्या गावच्या डॉयल हेम्बरी या गायकाच्या आठवणीत दर सप्टेंबरात नाच असतो, त्या डॉयलच्या रात्रीचं पहिलं गाणं गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं म्हणतो. तो चाल म्हणतो, मी त्याच्या वरचा आवाज लावते, म्हणजे तेच शब्द त्याच वेळी वरच्या सुरांत. मी त्याच्या तोंडाकडे बघत असते. ओठ कधी उघडतात, कधी मिटतात, श्वास कुठे घेतो. वरचा आवाज लावणाऱ्याने डोळ्यांत बघायचं नसतं, डोळे फसवतात. आता कोणाच्या तोंडाकडे बघू?

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अल्पाका म्हणजे ती उंटाची मेंढी का? शेवटी मेंढ्यांसाठी गेला होय!" आणि बीन्स ढवळायला लागली.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज शाळा सुरू झाली. मी चालवते त्या शाळेच्या बसचा नवा फेरा लांबचा आहे, बदामाच्या बागांमधून. संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये डॉयलच्या रात्रीच्या समितीची बैठक होती. बेव्ह ऑल्सप अध्यक्ष. तिने टेबलावर एक फोटो ठेवला. लॉस एंजेलिसचा बँड, मधोमध पांढऱ्या सूटमधला पोरगा. सूटवर कापसाची बोंडं आणि तेलाचे पंप भरतकामात काढलेले, अगदी डॉयलच्या सूटसारखे.

"ही पोरं त्या रात्री मागाहून वाजवणारच आहेत," बेव्ह म्हणाली. "रॉइस नाही, तर पहिलं गाणंही त्यांनाच देऊ. हुबेहूब डॉयलसारखं गातात. डोळे मिटले तर फरक कळत नाही."

मी म्हटलं, "डोळे कशाला मिटायचे? नाचायचं असतं."

मी सहसा बैठकीत बोलत नाही. पण पहिलं गाणं बाहेरच्यांना कसं देणार? एकोणसत्तर साली डॉयल हेम्बरी याच हॉलमध्ये आला होता. तेवीस वर्षांचा, खांद्यापर्यंत केस, बरोबर ड्रम आणि विजेच्या गिटारी, आणि त्यांच्यातच आपली रडणारी स्टील गिटार. आपल्या लोकांना वाटलं, हा हिप्पी झाला. हिप्पींना वाटत होतं, हा गावंढळ आहे. पहिल्याच गाण्याला जोड्या एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसल्या. तो रिकाम्या फरशीसमोर शेवटपर्यंत वाजवत राहिला. चार वर्षांनी तो वारला, आणि मग कुठून कुठून बँड त्याच्यासारखं वाजवायला लागले. तेव्हा आमच्या टिलरी गावाला कळलं, आपण कोणासमोर बसलो होतो. म्हणून डॉयलच्या रात्री पहिल्या गाण्याला कुणी बसायचं नाही. कुबड्या असल्या तरी उठायचं. बसला होता तो आपला गाव, लॉस एंजेलिस नाही. मग गाणारेही आपलेच हवेत.

(आता गावात जो तो म्हणतो, "मी त्या रात्री नाचत होतो." तेवढी माणसं खरंच नाचली असती तर फरशी खचली असती.)

"मग कोण म्हणणार?" बेव्हने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

"तू? चाल? एकटी?" बेव्हने चष्मा काढला. "अगं, बसचा हॉर्न सोडला तर तुझा आवाज एकटा कुणी ऐकलाय का?"

"मी ऐकलाय," मागून लॉनी म्हणाला.

सगळे वळले. तो टोपीची किनार तपासायला लागला. लॉनी आमच्यामागे बेस गिटार वाजवतो, त्याला सगळ्यांचेच आवाज ऐकावे लागतात. तरी वेळेवर बोलला, बरं वाटलं.

बेव्हने डॉयलच्या रात्रीच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत दिली, म्हणजे सप्टेंबरअखेर. नाही जमलं तर पांढरा सूट.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिली तालीम, लॉनीच्या वर्कशॉपमध्ये. तो शेतांवरचे पंप दुरुस्त करतो, त्यामुळे तिथे बसायला जागा कमी आणि पाइप जास्त. अंकल हॉइट त्यांची स्टील मांडून बसले होते, आडवी, गुडघ्यांवर टेबल ठेवल्यासारखी. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या रात्री डॉयलच्या मागे हीच स्टील वाजवत होते. गावात ते एकच असे आहेत जे "मी नाचत होतो" म्हणत नाहीत.

गाणं तेच, "कालव्याकाठी". मी डोळे मिटून सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि एकेक वाद्य थांबलं. आधी गिटार, मग ड्रम, मग बेस.

अंकल हॉइट म्हणाले, "पोरी, फार सुरेख. पण गाणं कुठलं होतं?"

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मी वरचा आवाजच गात होते! खाली काही नसताना, हवेत. मला चाल येतच नाही. जन्मभर गायलेलं गाणं, आणि मला त्याची चाल येत नाही.

लॉनी म्हणाला, "उकडतंय. थांबू या." त्याने मला थंड चहा दिला आणि कूलर माझ्याकडे वळवला. मला रडू येत होतं, पण हसूच आलं आणि मग सगळेच हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

आईला विचारलं, "मला चाल का येत नाही?"

ती टोमॅटो चिरत होती. म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या पिकअपमुळे." मग सांगितलं. डॉयलच्या त्या एकुलत्या रेकॉर्डवर त्याचा आवाज एका बाजूच्या स्पीकरमधून येतो आणि त्याची बहीण आर्डिथ, तिचा वरचा आवाज दुसऱ्या बाजूने. तेव्हा तसंच करायचे. आणि बाबांच्या गाडीत त्या रेकॉर्डची कॅसेट लागायची, पण त्यांच्या बाजूचा स्पीकर मेलेला होता. जिवंत होता तो माझ्या बाजूचा.

म्हणजे शाळेत जाता-येता, कापसाच्या शेतांवर, बेकर्सफील्डला बाजाराला जाताना मी जे ऐकलं ते सगळं आर्डिथचं होतं. बाबा स्वतः डॉयलचा भाग म्हणायचे, पण ते स्टिअरिंगवर ठेका धरून गुणगुणायचे. मला वाटायचं, ते इंजीन आहे.

"स्पीकर बिघडला कशाने?"

"मी त्यात चहा ओतला होता. भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"ते आठवत नाही. चहा गोड होता, एवढं आठवतंय. मुंग्या झाल्या होत्या." ती इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

पुढे रॉइस शेजारी उभा राहून वर्षानुवर्षं चाल म्हणत होता, ती मी ऐकलीच की. पण जमिनीवर उभं राहताना जमिनीकडे कोण बघतं?

३ सप्टेंबर, मंगळवार

शिकते आहे. एका कानात बोळा, दुसऱ्या कानात फक्त डॉयल. एकटी असताना जमतं. चाल सोपी आहे, आश्चर्य वाटेल इतकी सोपी. तीन पायऱ्या खाली उतरते आणि दारात थांबते. पण खाली कुणी ती म्हणायला लागलं की माझा गळा मांजरासारखा उडी मारून वर जाऊन बसतो.

लॉनी आला होता, कूलर बघायला. मी म्हटलं, कूलर चांगला चालतोय. म्हणाला, सप्टेंबरात पंपाचा भरवसा नसतो. उघडून पुसून पुन्हा बसवला. मग अंगणात उभा राहून मला चाल म्हणून दाखवली, पुटपुटत, टोपीत तोंड घालून. त्याचा आवाज म्हणजे कोरड्या पाइपमधून वारा जावा तसा. मी म्हटलं, "जरा मोठ्याने म्हण ना." तर म्हणाला, "मी लोकांसमोर गात नाही."

"मी लोकांत मोडत नाही होय?"

तो घाईने निघाला. हातोडी विसरून गेला.

आई जाळीच्या दारातून बघत होती. म्हणाली, "या माणसाने गेल्या महिन्यात आपला कूलर किती वेळा उघडला गं?" मी म्हटलं, काटेकोर आहे बिचारा, बायको वारल्यापासून घरी एकटाच, करणार काय. आई "हं" म्हणाली. तिला हल्ली सगळ्यालाच "हं" म्हणायची सवय लागली आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

बसमध्ये सराव करत होते. दुसरीतली एक चिमुरडी मागून ओरडली, "मिस ट्वायला, तुम्ही चुकताय!" टिलरीच्या शाळेत सगळ्यांना हे गाणं पहिलीपासून येतं. मग अख्ख्या बसने मला चाल म्हणून दाखवली. पहिल्या कडव्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर खाली टिकले. ध्रुपद आलं आणि गेले वर.

पोरांनी म्हणायचं थांबवलं. मला वाटलं आता हसतील. एकजण म्हणाला, "परत करा ना तसं."

१५ सप्टेंबर, रविवार

बदाम पाडायला झाडं गदागदा हलवायचं काम जोरात चालू आहे. गावभर धूळ. घसा धरलाय. काल तालमीत ध्रुपदाला मी पुन्हा वर गेले आणि बेव्ह नेमकी तेव्हाच दारात उभी. काही बोलली नाही. बेव्ह काही बोलत नाही तेव्हा ठरवून टाकलेलं असतं.

न राहवून रॉइसला फोन केला. मागून म्यँ म्यँ असा आवाज येत होता. म्हटलं, एका रात्रीपुरता ये. तो म्हणाला, एक मादी व्यायला आली आहे, बायको सोडणार नाही.

"रॉइस, मला चाल येत नाही."

"मग काय झालं? मला कुठे येत होती?"

"म्हणजे?"

"अगं, तू वर गेलीस की मला कळायचं खाली कुठे पाय ठेवायचा ते. तू गात होतीस, मी नुसता मधे उभा. लोकांना वाटायचं मी मुख्य, कारण माझा शर्ट भारी असायचा."

रॉइसला गोड बोलायची सवयच आहे. तसंच बोलून बायका पटवतो. फोन ठेवला आणि गुळण्या केल्या. वाटतंय, बेव्हला सांगून टाकावं की मला जमणार नाही. उद्या सांगेन.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं नाही. त्याआधी अंकल हॉइटना भेटायला गेले. मनाशी ठरवलं होतं की त्यांनीच मला मोकळं करावं. ते पोर्चमध्ये बदाम फोडत बसले होते.

मी म्हटलं, "मी गाणं बिघडवीन. डॉयलचं गाणं आहे ते."

म्हणाले, "बस. डॉयल लहान असताना घरचे सगळे कापूस वेचणाऱ्यांच्या छावणीत राहायचे, कालव्याला लागून. घरात बाप फिडल वाजवायचा, मूळ गावाकडची, ओक्लाहोमाची जुनी गाणी. कालव्याच्या पलीकडे एका खोलीत पोरं रेडिओ लावायची, नवं धांगडधिंग्याचं संगीत. दोन्ही एकाच वेळी ऐकू यायचं. त्या लेकराला वाटायचं, ते एकच गाणं आहे."

"मग?"

"मग काय, मोठा झाल्यावर त्याला कळलं की ही दोन आहेत. पण तोवर त्याचे कान तसेच झाले होते. तो म्हणायचा, हॉइट, मी काही शोधून काढलं नाही. मी चुकीचं ऐकलं आणि मला ते आवडलं." त्यांनी माझ्या हातावर बदाम ठेवले. "स्वतःला मोकळं करून घ्यायला आलीस ना माझ्याकडे? मी नाही करणार. मला म्हाताऱ्याला त्या पांढऱ्या सूटमागे वाजवायला लावतेस? त्याची बटणं माझ्यापेक्षा नवी आहेत."

बदाम खात घरी आले. जाताना घशात धूळ होती, येताना नव्हती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नॉर्वेहून बँड आला. दरवर्षी कुठून तरी कुणी येतंच. गेल्या वर्षी जपानचे होते, त्याआधी उरुग्वेचे. ही पाच पोरं, उन्हाने भाजून लाल झालेली. चर्चच्या हॉलमध्ये उतरली आहेत. त्यांच्यातली सिग्री नावाची मुलगी आमच्या नाचाच्या हॉलची फरशी हाताने चाचपत होती. मला विचारलं, "इथेच बसले होते ना लोक?" मी म्हटलं, "हो, भिंतीकडेने." ती इतकी गंभीर झाली की मीच तिला कॉर्नब्रेड दिला.

शेवटची तालीम चांगली झाली. पूर्ण गाणं खाली टिकले. बेव्ह म्हणाली, "ठीक आहे. पण तू गडबडलीस तर तो सूटवाला बाजूला उभा असेल, मी त्याला खूण करीन." मला राग यायला हवा होता, पण तिच्याही डोळ्यांत भीती दिसली. तिची आई त्या रात्री सगळ्यात आधी बसली होती. गावात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

लॉनीने जाताना विचारलं, "उद्या कुठला ड्रेस घालणार?" निळा म्हटलं. माइकच्या तारेचा रंग जुळवायचा असेल.

२९ सप्टेंबर, रविवार

लिहिते. पहिल्यापासून सगळं.

काल हॉल गच्च भरला होता. बाहेर मांस भाजल्याचा धूर, आत पंखे. अंकल हॉइटनी स्टीलचा पहिला सूर ओढला आणि सगळे उठले. एकसुद्धा खुर्ची भरलेली राहिली नाही. आमच्याकडे जोड्या घड्याळाच्या उलट फिरतात. नॉर्वेची पोरं सुलट निघाली आणि दोन आज्यांवर आदळली. आज्यांनी त्यांना धरून वळवलं आणि सोडलंच नाही.

पहिलं कडवं मी म्हटलं. चाल. डॉयलची, बाबांची, सगळ्या जगाची. तीन पायऱ्या खाली, दारात थांबायचं. नीट आलं. बाजूला सूटवाला हसून मान डोलवत होता. मला वाटलं, जमलं.

आणि ध्रुपद आलं. समोर आई बेव्हच्या नवऱ्याबरोबर नाचत होती. हसत होती, डोकं मागे टाकून, मी लहान असताना बाबांच्या पिकअपमध्ये हसायची तशी. माझा गळा उडाला. गेले वर. पूर्ण आवाजात, एकटी, खाली काहीही नाही.

फरशीवरच्या जोड्या अडखळल्या. सगळी रांगच हलली. एका म्हाताऱ्या जोडप्याने खुर्चीकडे बघितलं, आणि बेव्हचा हात खूण करायला वर झाला. मला खाली येता येईना. मी आर्डिथच्या सुरावर उभी, जणू छपरावर, आणि कुणी शिडी काढून घेतली होती.

तेवढ्यात माझ्या डावीकडून तो आवाज आला. कोरड्या पाइपमधून वारा. लॉनी बेस वाजवता वाजवता माझ्या माइकपाशी आला होता आणि चाल म्हणत होता. बेसूर नव्हता, पण जवळपास होता. पहिल्या ओळीला त्याचा आवाज थरथरला, दुसरीला कमी. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग फरशीवरून कुणीतरी खालची ओळ धरली, मग आज्यांनी, मग बसमधल्या पोरांनी, मग सगळ्यांनीच. अख्खा गाव खाली होता आणि मी वर, आणि जोड्या पुन्हा फिरायला लागल्या. मी आयुष्यात इतक्या रुंद जमिनीवर कधी उभी राहिले नव्हते.

बेव्हचा वर झालेला हात तसाच राहिला. मग ती त्याच हाताने सूटवाल्याला ओढून फरशीवर घेऊन गेली आणि गाणं संपेपर्यंत नाचली. कुणी बसलं नाही.

संपल्यावर अंकल हॉइट म्हणाले, "लॉनी गायला! हा माणूस स्वतःच्या लग्नातही गायला नव्हता." मी म्हटलं, नाच मोडेल म्हणून गायला असेल, जबाबदार आहे. अंकल हॉइटनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "डॉयल म्हणायचा तेच खरं. चुकीचं ऐकणाऱ्यांना देव मोठे कान देतो." कशाबद्दल म्हणाले कोण जाणे.

आज सकाळी आई, मी आणि लॉनी नाश्त्याला डायनरमध्ये गेलो. आईला एकदम आठवलं की तिला चर्चमध्ये फुलं ठेवायची आहेत. तिने आमची बिस्किटं, ती ग्रेव्हीबरोबर खायची मऊ पावासारखी, मागवली आणि निघून गेली.

पलीकडच्या टेबलावर नॉर्वेची पोरं, गिटार काढून बसलेली. "कालव्याकाठी" म्हणत होती. मी ऐकलं आणि हातातला काटा खाली ठेवला. ती सगळी, पाचच्या पाच, वरची ओळ म्हणत होती. नुसती वरची, तीच चाल समजून.

मी उठून गेले. "अरे पोरांनो, ही चाल नाही! रेकॉर्ड ऐकलीय ना तुम्ही?"

"शंभर वेळा," सिग्री म्हणाली. "पण काल तुम्ही असं गायलात. आम्ही आता असंच करणार. तिकडे गेल्यावर सगळ्यांना असंच शिकवणार."

"पण ते चुकलं होतं!"

"हो," ती आनंदाने म्हणाली. "आम्हाला कळलं ते."

तिकडे बर्फात कुठल्या तरी गावात लहान पोरं हीच ओळ शिकतील आणि म्हणतील, डॉयल हेम्बरीचं गाणं. मला लाज वाटायला हवी होती. पण पोटातून हसू फुटत होतं. बाबांच्या पिकअपमधला तो एक स्पीकर आणि आईचा गोड चहा, कुठे जाऊन पोचणार!

"निदान खाली कुणीतरी म्हणायला हवं," मी म्हटलं. "नुसतं वरचं अधांतरी वाटतं."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. तोवर लॉनी आपली खुर्ची ओढत तिथे आला होता. त्याने टोपी काढली, घसा साफ केला आणि भर डायनरमध्ये, वेट्रेस कॉफीची किटली धरून उभी असताना, चाल धरली. पोरं वर चढली. मीही.

मग आम्ही परत आमच्या टेबलावर आलो. बिस्किटं गार झाली होती, ग्रेव्हीवर साय आली होती. लॉनीने टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मग त्याने हात टेबलावर ठेवला, उताणा, माझ्या ताटाजवळ. मला वाटलं मीठ मागतोय, म्हणून मी मीठदाणी सरकवली.

त्याने ती घेतली नाही. हातही उचलला नाही.

मी मीठदाणी बाजूला केली.